माप नागपुरातच ठरले होते

एखाद्या व्यंगचित्रावरून किंवा विनोदी लेखावरून वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. या वेळी, एका व्यंगचित्राच्या निमित्ताने, तो मला नागपुरातल्याच महालातल्या दोन आणि धरमपेठेतल्या एका परिचितांनी पाठवला. त्याचा सारांश असा : संविधानाने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले, देवाधर्माच्या थट्टेचे नाही, भावना दुखावल्या की गुन्हा झालाच, असली थट्टा आपल्या मातीत कधी नव्हती, हे लोक एकाच धर्माच्या वाटेला जातात, आणि दंगल झाली तर जबाबदार छापणाराच. पाठवणारी माणसे भली आहेत, त्यांना मनापासून वाईट वाटले आहे, म्हणून हे उत्तर.

संविधानाचा मुद्दा लवकर संपतो. अनुच्छेद १९(२) मध्ये निर्बंधांची कारणे मोजून दिलेली आहेत : देशाची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्यास चिथावणी. ‘धार्मिक भावना’ हे शब्द त्यात नाहीत.

गुन्ह्याचा प्रश्न मात्र नीट पाहायला हवा, कारण कायदा आहे आणि तो नाही असे मी म्हणत नाही. लाहोरमध्ये छापलेल्या एका पुस्तिकेचा प्रकाशक उच्च न्यायालयातून सुटल्यावर, १९२७ साली, ब्रिटिश सरकारने भारतीय दंड संहितेत कलम २९५-अ घातले; १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ झाले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे. पण त्यासाठी अपमान बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने केलेला असावा लागतो, आणि शासनाची पूर्वमंजुरी नसेल तर न्यायालय त्या गुन्ह्याची दखलही घेऊ शकत नाही. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले ते याच आधारावर : नकळत, निष्काळजीपणे किंवा दुष्ट हेतूवाचून झालेला अपमान त्यात बसत नाही. एका मासिकाने २०१३ मध्ये महेंद्रसिंह धोनीला विष्णूच्या रूपात, हातांत जाहिरातींच्या वस्तू आणि त्यांत एक बूटही देऊन, मुखपृष्ठावर छापले होते. त्यावरून झालेला खटला २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कारणाने रद्द केला.

मग हेतू दुष्ट की नाही, शब्दांचा परिणाम काय, हे कोणाच्या मनाने ठरवायचे? याचे उत्तर आपल्याच गावात लिहिले गेले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. सिव्हिल लाइन्समधल्या ज्या वास्तूत आज मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ बसते, तेथे तेव्हा नागपूर उच्च न्यायालय होते, आणि स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भगवतीचरण शुक्ल प्रकरणात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी असे म्हटले की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने जोखावा; दुबळ्या व डळमळीत मनाच्या, किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या मापाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हे माप १९८८ मध्ये फाळणीवरील एका दूरदर्शन मालिकेच्या खटल्यात उचलले आणि मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरील गुन्हा रद्द करतानाही. आपली श्रद्धा खंबीर आहे असे मानणाऱ्याने तिला दुबळ्या मनाचे माप लावून घ्यावे, हे मला पटत नाही.

आपल्या मातीचे म्हणाल, तर एकनाथांच्या भारुडातली बाई भवानीला रोडगा वाहायचा नवस बोलते आणि त्या बदल्यात सासरच्या एकेका माणसाची वाट लावायला सांगते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला रोडगा चुरून वरणात कालवणाऱ्या वऱ्हाडातल्या माणसाला देवीशी चाललेला हा व्यवहार लगेच कळतो. हसू येते आणि हसता हसता आपलेच नवस आठवतात. शेंडगावचे गाडगेबाबा तर कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारून त्यांचे बकऱ्याचे नवस उघडे पाडत. त्यांना कोणी धर्मद्रोही म्हणत नाही. नागपुरात तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, मागे बडगे नावाचे बांबू-कागदाचे पुतळे, त्यांच्या गळ्यात पाट्या, बापाच्या खांद्यावरून पोरे ओरडतात, ‘घेऊन जा गे मारबत’. तिथे खिल्ली पुढाऱ्यांची असते, देवाची नाही, हे मान्य. पण सणाच्या दिवशी भर रस्त्यात उपहास करण्याची रीत या शहरात एकोणिसाव्या शतकापासून आहे, ती कोणी बाहेरून आणलेली नाही.

‘एकाच धर्माच्या वाटेला जातात’ हे तर उघडच खोटे आहे. पॅरिसमधल्या ज्या व्यंगचित्र साप्ताहिकाच्या कचेरीत ७ जानेवारी २०१५ रोजी हत्याकांड झाले, त्याचे मुखपृष्ठ त्याच महिन्यात मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाने बातमीसोबत छापले. संपादक शिरीन दळवी यांनी माफी मागितली, तरी त्यांना अटक झाली, अनेक ठाण्यांत तक्रारी झाल्या आणि त्या दैनिकाची मुंबई आवृत्तीच बंद पडली. त्या वेळी दुखावलेले लोक वेगळे होते. मागणी हीच होती, शब्दही हेच.

राहिला दंगलीचा मुद्दा. १७ मार्च २०२५ च्या रात्री महालात जे घडले ते आम्ही विसरलेलो नाही. निदर्शनात जाळलेल्या चादरीवर पवित्र मजकूर होता अशी अफवा पसरली, दगड आले, गाड्या जळल्या, संचारबंदी लागली आणि एका माणसाचा जीव गेला. त्या रात्री कोणी लेख छापलेला नव्हता, व्यंगचित्र काढलेले नव्हते. चिथावणी देणाऱ्यावर जरूर कारवाई व्हावी, एखादा समाजच नीच आहे असे सांगणाऱ्या मजकुराला विनोदाचे नाव देऊन सोडू नये. पण दगड मारणाऱ्याचा हात ज्याचा असतो, गुन्हाही त्याचाच असतो. जमावाच्या रागावरून छापणाऱ्याचा दोष ठरवायचा, तर मोठा जमाव जमवू शकेल त्याच्याच भावनेला कायदा मिळेल, आणि या शहरात तो जमाव दर वेळी आपलाच असेल असे कोणीही धरून चालू नये.

मजकूर पाठवणाऱ्या तिघांनाही मी हेच कळवले आहे. त्या व्यंगचित्रात काय चुकले, ते त्यांनी दोन पानांत लिहून काढावे. त्यांच्या नावासह ते माझ्या सगळ्या परिचितांना मी स्वतः पाठवीन.