खून कुणी केला ते नंतर, आधी वट कुणाला मिळाली ते बघा

पोस्ट लांब आहे. मध्ये एका जुन्या कादंबरीचा शेवट फुटणार आहे, तिथे आधी सांगते.

माझ्या भाचीने रहस्यकथा लिहिली आहे. वय पंधरा, त्यामुळे कथा निवासी शाळेत घडणार हे ओघानंच आलं. मेलेली मुलगी शाळेतली सगळ्यात लोकप्रिय, हेही ओघानंच आलं. आणि खुनी कोण? जिच्याशी कुणी बोलत नाही, जी मेसमध्ये एकटी जेवते आणि वहीच्या मागच्या पानांवर कसलीतरी विचित्र चित्रं काढते, ती. मी एका बैठकीत वाचून काढली (छान लिहिते, हे मावशी म्हणून नाही, वाचक म्हणून सांगते), तिला फोन केला आणि म्हटलं, "तुझी खुनी चुकली."

"मावशी, कथा माझी आहे. खुनी चुकेल कशी?"

बिनतोड प्रश्न. तरी मी दोन आठवडे तिच्याशी भांडतेय, आणि आता ते भांडण इथे आणतेय, कारण हे तिच्या एकटीचं नाही. या प्रकारच्या कितीतरी कथा मी वाचल्या आणि मालिका पाहिल्या. शेवटी बोट फिरून त्या एकलकोंड्या पोराकडे किंवा पोरीकडेच जातं. सगळ्यांनी छळलं, मग एक दिवस भडका उडाला. वाचणाऱ्याला हळहळ वाटते, आपण किती संवेदनशील असंही वाटतं, आणि पुस्तक मिटतं. मला हा आळस वाटतो. आळसापेक्षाही, अन्याय वाटतो. आधी वर्गाने वाळीत टाकलं, मग लेखकाने खुनी ठरवलं. बिचारीने जायचं कुठे?

पण अन्यायाचं राहू दे, आधी कारागिरीचं बोलू.

रहस्यकथेला निवासी शाळा का मानवते असं विचारलं की लोक सांगतात, बंद जागा. बेट, रेल्वेचा डबा, वादळात अडकलेला बंगला, तशी शाळा. हे अर्धंच खरं आहे. बेटावरच्या पाहुण्यांना एकमेकांबद्दल निवडक गोष्टी माहीत असतात. होस्टेलमध्ये शेजारच्या कॉटवरची झोपेत काय बडबडते, घरून फोन आला की कोण बाथरूममध्ये जाऊन रडतं, कुणाच्या कपाटाचं कुलूप नुसतं ओढलं तरी उघडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय घंटा. उठायची, जेवणाची, अभ्यासाची, दिवे बंद करायची. दिवसाच्या कुठल्याही घटकेला कोण कुठे असायला हवं ते भिंतीवरच्या कागदावर छापलेलं. डिटेक्टिव्हला आयतं ताट वाढून ठेवल्यासारखं! फक्त तो कागद खोटा असतो. पांघरुणाखाली उशा रचून "झोपलीये मॅडम, ताप आहे" असं रेक्टरबाईंना सांगणारी एक मैत्रीण प्रत्येकीला असते.

मैत्री कथेत शिरते ती इथून. होस्टेलच्या कायद्यात सगळ्यात मोठा गुन्हा खून नाही, चुगली आहे. समजा पाच मुली आहेत. एकीने रात्री दार वाजलेलं ऐकलं, पण ते सांगितलं तर स्वतः जागी का होती तेही सांगावं लागेल, आणि ती मैत्रिणीने लपवलेल्या फोनवर बोलत होती. दुसरीने ओले बूट पाहिले, पण ते बूट ज्या खोलीत पाहिले तिथे तिने असायलाच नको होतं. तिसरीला पेपर फुटल्याचं माहीत आहे. यातली एकही खुन्याला वाचवत नसते. प्रत्येकजण आपापल्या मैत्रिणीची छोटीशी चूक झाकत असते, आणि त्या पाच छोट्या इमानदाऱ्यांच्या मागे खुनी आरामात उभी राहते. हे जमलं तर भुयारं, गुप्त दरवाजे, विषाच्या बाटल्या यांची गरज उरत नाही. (भाचीच्या कथेत तीन भुयारं आहेत. रोनाल्ड नॉक्स नावाच्या पाद्री लेखकाने 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते, त्यात एकाहून जास्त गुप्त वाट चालणार नाही असा एक आहे. तिला सांगितलं. "पाद्री होते ना, मग माफ करतील," म्हणाली.)

अगाथा ख्रिस्तीचं 'कॅट अमंग द पिजन्स' 1959 चं. मुलींची नामांकित शाळा, शिक्षिकांचे खून, आणि ख्रिस्तीबाईंचा नेहमीचा डिटेक्टिव्ह पॉयरो चक्क शेवटाकडे उगवतो. दोन मैत्रिणींनी टेनिसच्या रॅकेटी अदलाबदल केलेल्या असतात आणि सगळं रहस्य त्या रॅकेटीत दडलेलं असतं. ज्या मुलीला ते सापडतं ती शाळेत कुणालाच सांगत नाही, शाळेतून निघून थेट पॉयरोला गाठते. ख्रिस्तीबाईंना बरोबर कळलं होतं की अशा ठिकाणी खरं बोलायचं तर फाटकाबाहेर जावं लागतं.

आता वट.

'लोकप्रिय' हा शब्द या बाबतीत आपल्याला फसवतो. लोकांना प्रिय ती लोकप्रिय. पण शाळेत ज्या मुलीला सगळे लोकप्रिय म्हणतात ती खरोखर किती जणींना प्रिय असते? तिची हवा असते, वट असते. तिने केस कापले की आठवड्याभरात सहा जणी कापतात. ती हसली की टेबल हसतं. आवडते का? विचारा एकेकीला, एकटीला गाठून. 1998 मध्ये पार्कहर्स्ट आणि हॉपमायर या दोन अभ्यासकांनी असंच केलं होतं. मुलांना दोन वेगळे प्रश्न विचारले. तुला कोण आवडतं, आणि कोण लोकप्रिय आहे. उत्तरांतल्या याद्या जुळल्या नाहीत. मनापासून आवडणारी मुलं दयाळू आणि भरवशाची निघाली. 'लोकप्रिय' म्हणून ज्यांची नावं आली त्यांतली बरीचशी आवडत्यांच्या यादीत नव्हतीच, ती दादागिरी करणारी आणि स्वतःला शहाणी समजणारी होती. आपल्या बोलीत हे आधीपासून आहे. 'लाडकी' वेगळी आणि 'वट असलेली' वेगळी, हे कुठल्याही सहावीतल्या मुलीला कळतं. कळत नाही ते लेखकांना. ते पहिल्या प्रकरणात लिहितात, "सगळ्यांची लाडकी अमुकतमुक," आणि तिसऱ्या प्रकरणात तिचा तिरस्कार करणाऱ्या बारा जणी उभ्या करतात.

मग संशय कुणावर घ्यायचा? मी भाचीला रॉबर्ट फॅरिस आणि डायन फेल्मली यांचा 2011 चा अभ्यास सांगितला. नॉर्थ कॅरोलिनातल्या शाळांमधल्या मुलांनी एकमेकांबद्दल दिलेल्या माहितीवरचा. कोण कुणाला त्रास देतं, टोमणे, अफवा, वाळीत टाकणं, मारामारी, हे सगळं त्यांनी मुलांच्या स्थानाशी ताडून पाहिलं. आपला समज असा की त्रास देणारी पोरं एकतर अगदी तळातली, नाहीतर अगदी टोकावरची. निघालं भलतंच. जसजसं मूल वर चढतं तसतसा आडदांडपणा वाढत जातो, आणि शेवटच्या दोनेक टक्क्यांत, अगदी शिखरावर, एकदम खाली येतो. शिखरावरच्यांना गरज नसते. तळातल्यांना ताकद नसते. दात आणि नखं दिसतात ती मधल्या शिडीवर, आणि सगळ्यात जास्त वरून दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर. त्याच गटाने 2020 मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. हा त्रास अनोळखी किंवा दूरच्या मुलांना कमी, आणि मित्रांना, मित्रांच्या मित्रांना जास्त दिला जातो. कारण सरळ आहे. दोघींना एकच खुर्ची हवी असते.

खुनाचा हा अभ्यास नव्हे, हे मलाही कळतं. पण रहस्यकथा लिहिणाऱ्याला याहून चांगला नकाशा कुठे मिळणार? एकलकोंड्या मुलीला ती खुर्ची नकोच असते. तिला फार तर आपलं ताट घेऊन शांतपणे कुठेतरी बसायचं असतं. खुर्ची हवी असते ती शेजारच्या खुर्चीत बसलेलीला.

म्हणून माझा डिटेक्टिव्ह असता तर त्याने मृतदेहाजवळ वेळ घालवला नसता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेसच्या कोपऱ्यात चहा घेऊन बसला असता. मेलेल्या मुलीची जागा रिकामी आहे. किती वेळ रिकामी राहते? कोण त्या बाजूला बघतच नाही? कोण दप्तर ठेवतं तिथे, 'चुकून'? चौथ्या दिवशी कुणाच्या विनोदावर टेबल हसतं? राजा मेल्यावर गादीवर कोण बसलं हे जुन्या बखरी वाचणारा पहिल्यांदा बघतो. होस्टेलची बखर वेगळी नसते.

इथे शेवट फोडते आहे. जोसेफीन टे यांचं 'मिस पिम डिस्पोझेस' वाचायचं असेल तर हा परिच्छेद ओलांडा. 1946 चं पुस्तक. मुलींचं व्यायाम-शिक्षणाचं निवासी कॉलेज. एका नामांकित शाळेतली नोकरी सगळ्यात हुशार मुलीला मिळणार हे सगळे धरून चालतात, आणि प्राचार्या ती दुसरीच एकीला देऊन टाकतात. ती दुसरी जिममध्ये 'अपघातात' मरते. कॉलेजात पाहुणी आलेल्या मिस पिमला एक बारीकसा पुरावा सापडतो आणि तिचा संशय जातो हुशार मुलीवर. ती मुलगी नाकारत नाही, मुकाट्याने आयुष्यभराचं प्रायश्चित्त पत्करते. आणि अगदी शेवटी कळतं की केलं होतं तिच्या जिवलग मैत्रिणीने. देखणी, श्रीमंत, सगळ्यांत उठून दिसणारी ती मैत्रीण. माझ्या मैत्रिणीचं तिला मिळायला हवं होतं, एवढ्याचसाठी. एकीने मैत्रीखातर मारलं, दुसरीने मैत्रीखातर गप्प राहून स्वतःला गाडून घेतलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ भिंतीकडे बघत बसले होते. यात द्वेष कुठेच नाही. म्हणून ते इतकं भयंकर आहे.

भाचीला हे सगळं ऐकवल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या हिशेबाने जी सगळ्यात जास्त रडते तीच खुनी. ते तर वाचक दहाव्या पानावर ओळखेल."

गप्प बसले. खरंच आहे. 'जिवलग मैत्रीणच निघाली' हा धक्काही आता इतका झिजलाय की त्याला धक्का म्हणवत नाही.

मग विषय बदलावा म्हणून मी तिला हडसनची गोष्ट सांगितली. न्यूयॉर्क राज्यातलं हडसन, तिथली मुलींची सुधारशाळा, साल 1932. दोन आठवड्यांत चौदा मुली पळून गेल्या, नेहमीच्या प्रमाणाच्या तीसपट. जेकब मोरेनो नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने हेलन जेनिंग्ज या सहकारी बाईंबरोबर तिथल्या मुलींची मनं वेगळ्याच पद्धतीने तपासली. कुणाला कोण आवडतं, कोण नकोशी वाटते, ते विचारून त्याचे नकाशे काढले. मुली म्हणजे ठिपके, ओढ म्हणजे रेघ. त्याचं म्हणणं असं की कोण पळणार हे त्या मुलीच्या स्वभावापेक्षा ती त्या जाळ्यात कुठे आहे यावर जास्त ठरत होतं, आणि हे खुद्द त्या मुलींनाही उमगलेलं नसावं. 1934 मध्ये त्याने यावर पुस्तक लिहिलं. नाव 'हू शॅल सर्व्हाइव्ह?' म्हणजे कोण तगणार. मी म्हटलं, बघ, समाजशास्त्राच्या पुस्तकाला असं नाव, आणि तुझ्या रहस्यकथेचं नाव काय, तर 'काळोखातील किंकाळी'.

नावावर ती रागावली. फोन ठेवला.

तीन दिवसांनी नवं प्रकरण आलं. भुयारं गेली आहेत (एक ठेवलंय, नॉक्ससाहेबांच्या परवानगीने). एकलकोंडी मुलगी आता खुनी नाही. तिच्या वहीतली ती विचित्र चित्रं म्हणजे मेसमधली टेबलं निघाली. रोज एक पान. कोण कुठे बसलं, कोण उठून कुठे गेलं, कुणाच्या शेजारची जागा कुणी सोडली. ठिपके आणि रेघा. वर्षभराची. रेक्टरबाईंना त्या वहीतलं काही कळत नाही, पोलिसांनाही नाही, पण पानं ओळीने उलटली की खुनाच्या आधीचे तीन आठवडे एक रेघ हळूहळू सरकताना दिसते. आणि चुगलीचा कायदा तिला लागू होत नाही, कारण तो कायदा मैत्रिणी शिकवतात, आणि तिला कुणी कधी शिकवलाच नाही.

वाचून मी खुर्चीतच उडाले. हे मला सुचलं नसतं, खरंच.

प्रकरणाचा शेवट असा. ती वही छातीशी धरून ऑफिसकडे निघालेली असते. मेसवरून जाताना आतून हाक येते. हाक मारणारी कोण हे आपल्याला आता माहीत आहे. शेजारची खुर्ची मागे ओढते, सगळ्यांसमोर, आणि म्हणते, "ये ना, इथे बस."

मी भाचीला विचारलं, पुढे काय? ती म्हणाली, अजून ठरत नाहीये.

"त्यात ठरवायचं काय? ती सरळ ऑफिसात जाईल," मी म्हटलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मावशी, तू कधी वर्षभर एकटी जेवली नाहीयेस वाटतं."