जगात जर्मनी, फ्रिजमध्ये परभणी

आमच्या परसात यंदा काकडी आली. आली म्हणजे पाहुणा येतो तशी नाही, पूर येतो तशी.

मृगाचा पहिला शिडकावा झाला तेव्हा मी हौसेनं आठ बिया टोचल्या होत्या. परभणीच्या माणसाला थोडी तरी शेती आलीच पाहिजे असा आमच्याकडे अलिखित नियम आहे. १९७२ पासून गावात कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे पानटपरीवर चुना मळणारा माणूसही जाता जाता फुलकिड्यांवर दोन शब्द सांगून जातो. मी शाळेत मराठी शिकवतो, हा काही बचाव होऊ शकत नाही.

महिनाभर वेलावर नुसती पिवळी फुलं. बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राही आणि विचारी, "अहो, काकडी लावली का शेवंती?" टपरीवर चौकशी केली तेव्हा कळलं की आधी येतात ती नर फुलं. मादी फूल मागून येतं आणि येतानाच बुडाशी बोटाएवढी काकडी घेऊन येतं. ही माहिती मी घरी येऊन उत्साहानं सांगितली. त्यावर माय आणि बायको एकमेकींकडे बघून ज्या पद्धतीनं हसल्या, ती मला आवडली नाही.

मग जुलैच्या अखेरीस एक दिवस दोन काकड्या निघाल्या. त्यांची देवापुढे ठेवून आरतीच व्हायची बाकी होती. दुसऱ्या दिवशी चार. आठवड्यात रोजच्या आठ-दहा. काकडीचा स्वभाव असा, की संध्याकाळी पानाआड करंगळीएवढी दिसलेली परवा सकाळी मनगटाएवढी होते, आणि जी नजरेतून सुटते ती पिवळी पडून लोडासारखी आडवी झाल्यावरच सापडते. आम्ही कोशिंबीर खाल्ली. खमंग काकडी खाल्ली. काकडीची धपाटी दह्यासोबत खाल्ली, मग दही संपलं म्हणून नुसती खाल्ली. सोमवारी उपास, त्यालाही काकडी. मधे पावसानं पंधरा दिवस ओढ दिली आणि काकड्या कडू निघायला लागल्या. पाण्याचा ताण आणि ऊन वाढलं की काकडीत कडवटपणा उतरतो, तो साल आणि देठाकडच्या बाजूला जास्त असतो. माय देठाची चकती कापून ती काकडीवर गोल गोल घासायची, फेस काढायची आणि "निघालं विष" म्हणून जाहीर करायची. घासण्यानं काही होत नाही, देठाचा तुकडा कापून टाकल्यानं जे व्हायचं ते होतं, असं मी म्हणालो. मी ते म्हणायला नको होतं.

मग वाटप सुरू केलं. पहिल्या फेरीत शेजारी "अरे वा, घरची?" म्हणाले. दुसऱ्या फेरीत नुसतं "अरे". तिसऱ्या फेरीत माझी चप्पल वाजली की आतला टीव्ही बंद व्हायला लागला. समोरच्या काकांनी तर काकडीच्या बदल्यात तेवढेच दोडके माझ्या पिशवीत घातले, आणि पिशवी परत देताना त्यांच्या चेहऱ्यावर सूड उगवल्याचं समाधान होतं. शाळेतल्या स्टाफरूममध्ये मी पिशवी ठेवली. संध्याकाळी ती माझ्याच स्कूटरच्या हँडलला लटकलेली मिळाली, आत एक काकडी जास्त होती.

पुण्याहून लेकीचा फोन आला. "बाबा, फ्रिजमधलं लोणचं करा ना. तेल नको, ऊन नको, मुरायला महिनाही नको. व्हिनेगर आणि पाणी समान, मीठ, साखर, उकळायचं, काकडीच्या चकत्यांवर ओतायचं, गार झालं की फ्रिजमध्ये. दोन दिवसांत तयार. जर्मनीत तर फार खातात."

जर्मनी म्हटल्यावर परभणीचा माणूस सरळ बसतो. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही इतक्या वर्षांपासून म्हणत आलोय, पण त्या जर्मनीनं आमच्याकडे बघून कधी मान हलवल्याचं ऐकिवात नाही. म्हटलं, नातं आपणच पुढं न्यावं. वाचून काढलं. बर्लिनच्या आग्नेयेला श्प्रेवाल्ड नावाचा कालव्यांचा मुलूख आहे, तिथल्या काकडीच्या लोणच्याला १९९९ पासून युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे, आपल्या जालन्याच्या मोसंबीला आहे तसं. जर्मन भाषेत 'आंबट काकडीचे दिवस' असा वाक्प्रचारही आहे. उन्हाळ्यात जेव्हा काहीच घडत नाही आणि वर्तमानपत्रांना बातम्या मिळत नाहीत, ते दिवस. आमच्या घरी मात्र आंबट काकडीच्या दिवसांत बातम्यांचा तोटा पडला नाही.

पहिली बातमी बाजारातली. लेकीनं यादी पाठवली होती: मोहरी, मिरे, लसूण, व्हिनेगर आणि 'डिल'. किराणा दुकानदारानं व्हिनेगरच्या दोन बाटल्या काढून देताना विचारलं, "सर, मंच्युरियनचा गाडा टाकायलात का?" भाजीवालीकडे गेलो. म्हटलं, "मावशी, डिल आहे का?"

"डील-बील काही नाही सर. एकच भाव हाय."

लेकीला फोन लावला. तिनं फोटो पाठवला. फोटोत शेपू होती.

आयुष्याची बावन्न वर्षं मी या भाजीपासून पळालोय. लहानपणी घरात शेपू शिजली की मी आजोळी जायचा हट्ट करायचो, आणि आजोळीही शेपूच असायची. ही भाजी जेवणात एकदा आणि ढेकरांत दिवसभर अशी खावी लागते. जर्मनीपर्यंत जाऊन शेवटी तीच भेटणार असेल तर माणसानं जायचं कुठं? जुडी घेतली. मावशींनी वर एक फुकट घातली. त्यांचा खप कसा होतो ते तेवढ्यावरून कळलं.

घरी खरा पेच होता तो मायचा. आमच्या घरात लोणचं हे मायचं खातं. त्यात बायकोलाही तीस वर्षांत सहीचा अधिकार मिळालेला नाही. कैऱ्या अडकित्त्यानं फोडायच्या, फोडी पुसायच्या, सुती कपड्यावर वाळवायच्या, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, तेल कडक तापवून पूर्ण गार करायचं, बरणी उन्हात, झाकणावर दादरा बांधायचा. ओला चमचा बरणीत गेला तर घालणाऱ्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो.

मी गॅसवर पातेलं ठेवलं तेव्हा ती पाटावर बसून वाती वळत होती.

"काय करायलास रे?"

"लोणचं."

"तेल कुठंय?"

"तेल नाही घालत यात. पाणी घालतात."

वात वळायची थांबली. "लोणच्याला मी पाण्याचा थेंब लागू देत नाही, आन् तू पाण्यातच बुडवायलास?"

"आणि व्हिनेगर. आणि थोडी शेपू."

"माय माय माय!" ती बायकोकडे वळली. "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्ला, सुकडी खाल्ली. शेपूचं लोणचं खायची पाळी नव्हती आली."

तेवढ्यात पातेलं उकळलं. व्हिनेगर उकळताना काय होतं हे कुणी आधी सांगत नाही. नाकातून शिरलेली वाफ थेट आठवणींपर्यंत जाते. मी खोकत मागच्या दाराकडे, बायको पदर नाकाला लावून पुढच्या दाराकडे, आणि माय तिथंच, डोळ्यांतून धार लागलेली, पण वाती सोडून उठायला तयार नाही. दारातून दूधवाला ओरडला, "काय सांडलं का हो?"

बरण्यांचाही प्रश्न होता. मायच्या चिनीमातीच्या बरण्यांकडे बघायची सोय नव्हती. कॉफीच्या दोन आणि मधाची एक, अशा काचेच्या तीन बाटल्या मिळाल्या. चकत्या रचल्या, लसूण, मिरे, मोहरी, शेपूच्या काड्या खोचल्या, वरून ते पाणी. दिसायला मात्र बरण्या इतक्या देखण्या झाल्या की मी फोटो काढून लेकीला पाठवला. पातेल्यात उरलेलं पाणी मोरीत ओतताना तिथं पालथ्या घातलेल्या तांब्याच्या घंगाळावर थोडं सांडलं. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

आता फ्रिज. आमचा फ्रिज एकदारी आहे आणि त्याचा वरचा मजला मायचा: दूध, विरजण, साठवलेली साय. त्यात चातुर्मास सुरू. कांदेनवमीला भजी खाऊन तिनं कांदा-लसूण कार्तिकीपर्यंत सोडलेला. तिच्या सायीच्या भांड्याला खेटून लसणाच्या तीन बरण्या राहणार, हे शक्यच नव्हतं. वाटाघाटीनंतर मला सगळ्यात खाली, भाजीच्या ट्रेमध्ये जागा मिळाली. तिथं आधीच काकड्या होत्या. तरी दुसऱ्या दिवशी चहाला शेपूचा वास आला. कुणी काही बोललं नाही. तिघांनीही कप अर्धे ठेवले, एवढंच.

तिसऱ्या दिवशी बायकोनं हाक मारली. तिच्या आवाजात ती जरब नव्हती जी एरवी असते, म्हणून मी घाबरलो.

लसूण निळा पडला होता.

निळा म्हणजे निळा. मोरपिशी. मधाच्या बाटलीत, चकत्यांच्या मधोमध, दोन पाकळ्या लग्नाच्या शालूसारख्या चमकत होत्या. समोरचे काका बोलावणं नसताना आले. त्यांनी बाटली उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, "सर, शेतात ओता. पण पीक उभं असेल तिथं नको." माय काहीच म्हणाली नाही. तिनं नुसतं तिच्या आंब्याच्या बरणीकडे बघितलं. मग लेकीनं शोधून सांगितलं की लसणातली गंधकाची संयुगं आंबटाशी जुळली की असा रंग कधी कधी येतो, त्यानं काही अपाय होत नाही. उत्तर चीनमध्ये तर व्हिनेगरमध्ये मुद्दाम हिरवा लसूण मुरवतात. काका म्हणाले, "चीनचं नका सांगू," आणि दोन काकड्या न घेता गेले.

त्याच संध्याकाळी वीज गेली. साडेपाच तास. मी दर अर्ध्या तासाला फ्रिजचं दार न उघडता बाहेरून हात लावून बघत होतो, तापातल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. हे लोणचं फ्रिजबाहेर टिकणारं नव्हेच. बाटलीबंद करून उकळलेलं नसतं, म्हणून कायम गारच ठेवायचं आणि दोन-तीन आठवड्यांत संपवायचं. कोपऱ्यात मायची बरणी अंधारात निवांत उभी होती. तिला विजेचं काय?

रात्री दिवे आले तेव्हा आम्ही पहिली बाटली उघडली. कोवळ्या काकडीच्या चकत्या खरोखर कुरकुरीत होत्या. आंबट, जरा गोड, मागून मिऱ्याची चुणूक. शेपू तिथं इतक्या अदबीनं वागत होती की मी ओळखलंच नाही. पण काटकसर म्हणून दुसऱ्या बाटलीत मी ते पिवळे लोड कापून घातले होते, ते सगळे पिचपिचीत. भाकरीबरोबर तर याचं जमतच नाही. भाकरी पाणी पिते आणि चकती घसरून ताटाखाली जाते. खिचडीवर मात्र झकास.

"वाईट नाही," बायको म्हणाली. लग्नानंतर माझ्या पगाराबद्दलही ती एवढंच म्हणाली होती.

मायनं चव घ्यायचा प्रश्न नव्हता, लसूण होता. पण पाच-सहा दिवसांनी मी शाळेतून आलो तर ती मोरीपाशी पाट टाकून बसलेली, हातात काथ्या, पुढ्यात घंगाळ. त्या दिवशी पाणी सांडलं होतं तिथं तळहाताएवढा गुलाबी डाग पडला होता, नव्या तांब्यासारखा लखलखीत. तो डाग आता अर्ध्या घंगाळावर पसरला होता. शेजारी कॉफीची रिकामी बाटली.

"माय, त्यात लसूण होता."

"खायला चालत नाही. घासायला चालतंय." तिनं वर न बघता बाटली माझ्याकडे सरकवली. "अर्धं राहिलंय. अजून बनीव. आन् ती निळी काढून टाक आधी, काकडी नाही घातली तरी चालंल."