बैल तोच, झूल नवी

आमच्या घरासमोर १९९७ सालची एक पांढरी मारुती ८०० उभी असते. लोक तिला जुनी गाडी म्हणतात. मी तिला हलक्या वजनाची स्पोर्ट्स कार म्हणतो. मतभेद आहेत.

पण माझ्या बाजूने आकडे आहेत. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन जन्मभर एकच जप करत राहिला, की गाडी पळवायची असेल तर आधी तिचं वजन घटवा. तो गेल्यावर त्याच्या कंपनीने नव्वदच्या दशकात इलिज नावाची गाडी काढली, तेव्हा काटा सव्वासातशे किलोच्या आसपास थांबला आणि जगभरच्या गाडीवेड्यांनी तोंडात बोटं घातली. आमची ८०० साधारण साडेसहाशे किलोची. म्हणजे इलिजपेक्षा पाऊणशे किलोने सडपातळ. हे मी एकदा लग्नाच्या पंगतीत सांगितलं, तर शेजारच्या गृहस्थांनी ताट घेऊन जागा बदलली.

दुसरा पुरावा रक्ताच्या नात्याचा आहे. ८०० चं इंजिन सुझुकीच्या एफ घराण्यातलं. एफ८बी, तीन सिलिंडर, ७९६ सीसी. याच घराण्यातलं एफ६ए १९९१ साली जपानमध्ये कॅपुचिनो नावाच्या दोन सीटच्या, टप उघडणाऱ्या चिमुकल्या स्पोर्ट्स कारमध्ये लागलं. तेही तीनच सिलिंडरचं, फक्त ६५७ सीसीचं, पण डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि कुशीला हवा कोंबून भरणारा टर्बो. ६४ अश्वशक्ती. थोरले काका म्हणजे पहिल्या जिप्सीचं ९७० सीसीचं इंजिन, ते पोलिसात लागले. आमचं मात्र ३७ अश्वशक्तीवर घरीच राहिलं, भाजी आणायला. ज्याचा चुलतभाऊ कलेक्टर होतो, त्याला साठाव्या वर्षीही वाटत असतं की आपल्यालाही जमलं असतं, फक्त मार्गदर्शन नव्हतं. मी मार्गदर्शन करायचं ठरवलं.

आमच्या नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजूला एक मिस्त्री आहे. त्याला कॅपुचिनोचा फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून, उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "गाडी बाबांच्या नावावर हाय ना सर? त्यायले माहीत हाय काय?"

मी विषय टर्बोकडे नेला. त्याने खर्च सांगितला. तेवढ्यात दुसरी ८०० आली असती, तीही चालू. शेवटी ब्लॉक रीबोर करून, म्हणजे झिजलेले सिलिंडर किंचित रुंद कोरून, अर्धा एमएम ओव्हरसाइझ पिस्टन टाकायचे ठरले. रात्री मी कागद घेऊन बसलो. ६८.५ एमएमचा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ६९ होणार, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ७२ तोच, गुणिले तीन. उत्तर आलं ८०८. सरळ १२ सीसी वाढ! बायकोला सांगायला धावलो. ती मुलाला खोकल्याचं औषध देत होती. तिने बाटलीच्या झाकणावरची १० ची रेघ माझ्यासमोर धरली. "म्हणजे एवढं आणि वर थोडं?"

मेव्हणा वकील आहे. त्याने मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं. गाडीत मनाने फेरफार करता येत नाहीत म्हणे. आरसीवर ७९६ लिहिलेलं असताना पोटात ८०८ बाळगणं म्हणजे १२ सीसीचा बेहिशेबी माल, असं त्याचं मत पडलं. तो जेवून गेला.

रीबोर झाल्यावर गाडी बरी चालू लागली, एवढंच. धूर थांबला. तो पूर्वी येत होता हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण सिग्नलला शेजारच्या माणसाला ते १२ सीसी कळणार कसे? शक्ती वाढत नसेल तर निदान ती दिसावी, असा विचार डोक्यात आला आणि तिथून खरा आजार सुरू झाला.

याला परदेशी लोक इंजिनाचा साजशृंगार म्हणून मोठ्या मानाने वागवतात. टॅपेट कव्हरला, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाला, लालभडक पावडर कोटिंग केलं. एअर क्लीनरचा जुना काळा डबा काढून तिथे चकाकत्या टोपीचा कोन फिल्टर बसवला. पाण्याचे होज निळ्या सिलिकॉनचे, प्लगच्या वायरी हळदीसारख्या पिवळ्या. एग्झॉस्ट मॅनिफोल्डला उष्णता बाहेर पडू नये म्हणून बँडेजसारखी पट्टी गुंडाळतात, तीही गुंडाळली. आडवा पॉलिश केलेला स्ट्रट बार टाकला, म्हणजे वळणावर गाडी ताठ राहते. आमच्या गल्लीत एकच वळण आहे आणि तिथे गाय बसलेली असते. या सगळ्याने आठ-दहा किलो वजन वाढलं, पण चॅपमन आता कुठे बघायला येतोय.

"नवरी दिसन सर, नवरी," मिस्त्री म्हणाला. खरंच दिसत होती. फक्त चालत नव्हती.

झालं असं, की जुन्या प्लग वायरी मळून मळून ओळखू येत होत्या. कोणती कुठली ते डागावरून कळायचं. नव्या तिन्ही पिवळ्या, जुळ्या बहिणींसारख्या. या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम १-३-२. तीन वायरींच्या सहा जोडण्या होतात, पैकी बरोबर एक. आम्ही आधी बाकीच्या पाच करून पाहिल्या. चौथ्या वेळी कार्ब्युरेटरमधून असा बार निघाला की समोरच्या पोहेवाल्याच्या हातून तर्री सांडली. त्याने त्या दिवसाचं नुकसान माझ्या नावावर मांडलं आणि वर विचारलं, "गाडी सुधरवून रायले का बिघडवून रायले?"

क्रम जमला, तर स्टार्टर फिरेना. चावी फिरवली की नुसतं टिक. बॅटरी बदलून पाहिली, टिक. धक्का मारून आणली, घरी टिक. दोन दिवसांनी कळलं की मिस्त्रीच्या पोराने उत्साहाच्या भरात अर्थिंगचा बोल्ट जिथे धातूला टेकतो, ती जागासुद्धा रंगवून टाकली होती. करंट इंजिनात यायला तयार, पण परत बॅटरीकडे जायला वाट नाही. पॉलिश पेपर घेऊन एक रुपयाएवढी जागा खरवडली, आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू. तेवढाच रंग माझ्या डोळ्यांना आजही खुपतो.

आणि माझा एक हट्ट होता: वायरी दिसता कामा नयेत. परदेशी फोटोंत इंजिन कसं, पूजेतल्या समईसारखं एकटं चमकत असतं. भोवती जंजाळ नाही. मिस्त्रीने सगळ्या वायरी काळ्या नळीत भरून फेंडरच्या आतून अशा फिरवल्या की पुन्हा त्या कुणालाच सापडू नयेत. सापडल्या नाहीतच.

बाबांनी बॉनेट उघडून पाहिलं. बाबा मूळचे काटोलकडचे, संत्र्याच्या बागेतले. बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले. मग म्हणाले, "बैल तोच हाय. झूल नवी घातली." आणि आत निघून गेले.

यानंतर जी अडचण आली तिचा मी विचारच केला नव्हता. एवढा शृंगार केला, पण तो बॉनेटखाली! पैठणी नेसवायची आणि वर गोधडी पांघरायची, त्यातला प्रकार. मग मी बॉनेट उघडायची निमित्तं शोधू लागलो. पेट्रोल पंपावर ऑइल बघायचो. धरमपेठेत मिसेस डॉक्टरकडे गेली की मी खाली वायपरचं पाणी भरायचो. फुटाळ्यावर संध्याकाळी मुद्दाम दिव्याखाली गाडी लावून बेल्टचा ताण तपासायचो. पण उघड्या बॉनेटचा अर्थ आपल्याकडे एकच. पाहणारा इंजिनाकडे बघत नाही, मालकाच्या तोंडाकडे बघतो, आणि दयेने बघतो. "बंद पडली का काका?" "धक्का देऊ काय?" एका सद्गृहस्थाने तर काही न विचारता मागून ढकलायलाच सुरुवात केली. महिनाभरात टॅपेट कव्हर सुंदर आहे असं म्हणणारा एकही माणूस मला भेटला नाही.

मग मे महिना लागला आणि निमित्तांची ददात मिटली.

त्या कोन फिल्टरच्या खोक्यावर बर्फाचं चित्र होतं. थंड हवा दाट असते, दाट हवेत प्राणवायू जास्त, प्राणवायू जास्त तर ताकद जास्त, हे शास्त्र अगदी खरं आहे. फक्त ते नागपुरात लिहिलेलं नाही. बाहेर ४५ अंश असताना हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ होते. त्यात माझा फिल्टर उघडा, बॉनेटच्या आत. म्हणजे तो बाहेरची नव्हे, इंजिनाने भाजून काढलेली हवा पीत होता. जुन्या काळ्या डब्याला नळी होती, ती पुढून हवा घ्यायची. तो डबा मी भंगारात दिला होता.

३७ चे दहा टक्के म्हणजे साडेतीन-पावणेचार घोडे नुसते उन्हाने पळवले. हा हिशेब मी झिरो माइलला बसून केला, कारण गाडी तिथेच थांबली होती, बॉनेटमधून वाफ सोडत. तिथे चार घोड्यांचे पुतळे आहेत. मोजून चार. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. शेजारच्या दगडी खांबावर हैदराबाद, जबलपूर, छिंदवाडा किती मैल ते कोरलंय. सक्करदऱ्याचं गॅरेज किती लांब, ते नाही.

पुढे व्हरायटी चौकात थांबली. अजनीच्या पुलावर थांबली. वर्धा रोडवर तर मेट्रोच्या खांबाची सावली बघून थांबायची, एवढी समंजस झाली. पाणी उकळतंय हे कळत होतं, का उकळतंय ते कळत नव्हतं. मिस्त्रीने आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, काढून टाकला. आपल्याकडे उन्हाळ्यात काही तापलं की त्या बिचाऱ्याचा बळी ठरलेला. फरक पडला नाही. मग तो रेडिएटरसमोर उकिडवा बसून बराच विचार करून म्हणाला, "सर, समोरून वाळ्याची ताटी लावून देऊ काय? वरून पाणी सोडू बारीक." नागपूरच्या माणसाला कुठलाही प्रश्न शेवटी कूलरने सुटेल असं वाटतं. मीही दोन मिनिटं गंभीरपणे विचार केला, हे कबूल करतो.

कुठेतरी वाचलं की इंजिन तापलं तर गाडीचा हीटर पूर्ण सोडावा. तोही एक छोटा रेडिएटरच. पाण्यातली उष्णता गाडीत खेचतो. खरं आहे. इंजिनाचा काटा खाली आला. बाबांना मेडिकल चौकातून घरी आणत होतो, दुपारचे दोन, काचा खाली, हीटर तिसऱ्या नंबरवर. ते मागे बसले होते, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग शांतपणे विचारलं, "काहून बे, जित्ता भाजून रायला काय मले?"

तेव्हापासून गाडीत पाच-पाच लिटरच्या दोन कॅन कायमच्या आल्या. आणखी दहा किलो.

पावसाळा आला तशी ती थोडी निवली. सिग्नल सुटेपर्यंत तग धरायची. चालत्या गाडीला वारा लागतो, उभ्या गाडीला नाही, यातच सगळं मर्म होतं, पण ते ध्यानात यायला तान्हा पोळा उजाडावा लागला.

पोळ्याचा दुसरा दिवस. आमच्या लेआउटमध्ये दर वर्षी पोरांच्या लाकडी बैलांची सजावट स्पर्धा असते. मी इतवारीतून येत होतो. मारबतीच्या मिरवणुकीमुळे रस्ते तुंबलेले, दीड तास पहिल्या गिअरमध्ये. लेआउटच्या फाटकात शिरलो आणि गाडीने नेहमीसारखा निःश्वास सोडला. नेमकी मांडवासमोर. दोन्ही बाजूंना पोरं आपापले बैल घेऊन रांगेत. झूल, गोंडे, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू, पायाला चाकं. मी मध्येच बॉनेट वर केलं. चावी काढायचं राहिलं.

वाफ विरली. आणि प्रथमच कुणी विचारलं नाही, की बंद पडली का. पोरं गोळा झाली. "काका, लाल कागद लावला का?" "हे बँडेज कायले बांधलं? लागलं का त्याले?" एक सात-आठ वर्षांचा पोरगा बैलाची दोरी काखेत धरून रेडिएटरच्या बाजूला वाकून बघत होता. म्हणाला, "काका, ही वायर अशीच लोंबू द्यायची असते का?"

रेडिएटरला एक स्विच असतो. पाणी ठरावीक तापलं की तो जुळतो आणि मागचा पंखा सुरू होतो. आमच्या नीटनेटकेपणात त्याचीच वायर निसटून नळीच्या तोंडाशी लटकत राहिली होती. फेब्रुवारीपासून. मी ती खोचली.

पंखा घर्रकन फिरू लागला. पोरांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात परीक्षक, लेआउट समितीचे अध्यक्ष आणि दोन काकू, वही घेऊन रांगेतून पुढे सरकत होते. लाल डोकं, पिवळ्या दोऱ्या, निळ्या नळ्या, वर फिरतं चक्र. अध्यक्षांनी चष्मा सरळ करून पाहिलं. "वा! या खेपेला हलता देखावा कोणाचा आहे?"

मी काही बोलायच्या आत एका काकूंनी वहीत लिहूनही टाकलं होतं.

पहिलं बक्षीस सागवानी बैलाला गेलं, आणि रास्त गेलं; त्याच्या पाठीवरचं आरशाचं काम पाहण्यासारखं होतं. मला उत्तेजनार्थ मिळालं. माझं नाव पुकारल्यावर मी पोरांच्या रांगेत उभा राहून ते घेतलं, फोटोही निघाला. वायर शोधणाऱ्या पोराने दुप्पट बोजारा, म्हणजे तान्ह्या पोळ्याची ओवाळणी, मागितला. दिला.

बक्षीस होतं पाण्याची बाटली. प्लॅस्टिकची, हिरवी, वर कार्टून. बाबा फाटकातून सगळं पाहत होते. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, झाकण फिरवून तपासलं आणि परत दिली.

"गाडीतच ठेव. रेडिएटरले कामी येईन."