पोथी कपाटात, किल्ली कमिटीकडे

दादाचा व्हॉइस मेसेज आला तेव्हा मी इथे अमेरिकेत, मिशिगनमध्ये, गाडीवरचा बर्फ खरवडत होतो. सात मिनिटांचा मेसेज. दादाला पाच मिनिटांत काही सांगता येत नाही आणि मला त्याचं काही अर्धवट ऐकवत नाही, त्यामुळे हात गोठेपर्यंत ऐकलं.

विषय असा. कृष्णाकाठच्या आमच्या गावात शंभरी ओलांडलेलं वाचनालय आहे. दादा त्याच्या कार्यकारिणीवर. परदेशातल्या एका विद्यापीठाने म्हणे कळवलं होतं, तुमच्याकडची जुनी पुस्तकं, पोथ्या, मोडी कागद आमच्या खर्चाने स्कॅन करू, मूळ वस्तू तुमच्याकडेच राहतील, फक्त स्कॅन जगाला बघायला खुले ठेवू. वार्षिक सभेने हा प्रस्ताव टाळ्यांच्या गजरात फेटाळला. दादाचं भाषण झालं. त्यातलं एक वाक्य त्याने मला मुद्दाम पुन्हा म्हणून दाखवलं: “आधी गहू चारून पुस्तकं नेली, आता फुकटात पोथ्या न्यायच्यात. हळद विसरलात का?”

हळदीचंच आधी घेऊ, कारण गावाकडे या विषयावर कोणीही तोंड उघडलं की तिसऱ्या वाक्याला हळद येतेच. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिलं गेलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. रद्द करवून घेतलं ते आपल्या शास्त्रज्ञ माशेलकरांच्या सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक संशोधनाच्या सरकारी परिषदेने. कशाच्या जोरावर? संस्कृत, उर्दू, हिंदीतले जुने उल्लेख, १९५३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकातला लेख, असे ३२ संदर्भ त्यांनी समोर ठेवले. कोणीतरी लिहून, छापून, सापडेल असं ठेवलं होतं म्हणून ते मिळाले. एखाद्या कमिटीने ‘आमची हळद, आमचं कपाट’ म्हणून कुलूप घातलं असतं, तर पेटंट मुदत संपेपर्यंत तसंच राहिलं असतं. (पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा जो डिजिटल ग्रंथसंग्रह उभा राहिला, तो वर्षानुवर्षं फक्त पेटंट तपासणाऱ्यांनाच खुला होता. हे मी दादाला सांगितलेलं नाही. त्याचं तो शोधेल.)

आता गहू. पीएल ४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या धान्य-मदतीच्या कायद्याखाली आलेला, तो लाल गहू आईच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभं राहून आणला आणि नाक मुरडत दळला. त्याचे पैसे भारत रुपयांत देत होता, ते रुपये भारतातच साठत होते. १९६२ पासून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीतलं कार्यालय त्याच रुपयांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घ्यायला लागलं, एकेका पुस्तकाच्या अनेक प्रती, आणि इकडच्या, अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला लागलं. विकत घेतली, दादा. पुण्याच्या विक्रेत्याने पावती फाडली. नेली म्हणतोस ती अशी नेली.

शिवाय हाच दादा रविवारचं शब्दकोडं अडलं की फोनवर मोल्सवर्थ उघडतो. १८५७ सालचा तो मराठी-इंग्रजी कोश आणि आपल्या दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही त्याला फुकट दिसतात ते शिकागो विद्यापीठामुळे. पुण्यात जन्मलेला दाते-कर्व्यांचा कोश शिकागोच्या सर्व्हरवरून कृष्णाकाठी उतरतो, तेव्हा कोणाची अस्मिता दुखावत नाही. घेताना विश्वची माझे घर, देताना मात्र ठराव.

सरकारचंही तेच. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेसाठी तीन वर्षांचे ६,००० कोटी मंजूर झाले, सुमारे १३,००० संशोधन नियतकालिकं, आणि तीही सरकारी संस्थांतल्या लोकांनाच. गावातल्या वाचनालयात बसणाऱ्या हुशार पोराला त्यातलं एक पान दिसत नाही. परक्यांचं वाचायला इतके पैसे मोजायचे आणि आपलं कोणी फुकट वाचतो म्हटलं की पोटात दुखायचं.

हे सगळं मी तावातावाने लिहून पाठवलं. सोबत एक नमुनाही: शंभरेक वर्षांपूर्वी पुण्यात छापलेल्या एका मराठी पुस्तकाची हाथीट्रस्टवरची लिंक. २००८ साली सुरू झालेला हा विद्यापीठांचा सामायिक डिजिटल संग्रह इथे, आमच्या अ‍ॅन आर्बरमधूनच चालतो. पावणेदोन कोटींहून जास्त खंड. नाव हाथी, कारण हत्ती विसरत नाही. बघ म्हटलं, याला म्हणतात वाटणं.

दहा मिनिटांनी दादाचा स्क्रीनशॉट आला. पुस्तकावर कुलूप. फक्त शोधता येईल, वाचता येणार नाही. खाली दादा: “हेच का ते?”

मी माझ्याकडे उघडून पाहिलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत स्वच्छ दिसत होतं. मग लक्षात आलं. ९५ वर्षं उलटलेलं पुस्तक अमेरिकेतल्या माणसाला खुलं. बाहेरच्या देशांत कायदा वेगळा, लेखक कधी वारला ते कोण तपासणार, म्हणून खूपच जुनं नसेल तर बाहेरच्यांसाठी सरळ बंद. पुण्यात छापलेलं पुस्तक मिशिगनमध्ये दिसतं, पुण्यात दिसत नाही. दादाला हे समजावताना माझी जीभ जरा अडखळली. तो हसला. त्याच्या हसण्यात सात मिनिटं नव्हती, पण पुरेसं होतं.

तरी मी हट्ट सोडला नाही. २०१९ आठव म्हटलं. ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीच्या वाचनालयात शिरलं, तसंच आपल्याकडेही. खालच्या दोन कपाटांचा लगदा झाला. त्या लगद्यात बाबांचं पुस्तक होतं.

आता बाबांच्या पुस्तकाबद्दल सांगायलाच हवं. बाबा शाळामास्तर. गावातले घाट बांधणाऱ्या पाथरवटांच्या घराण्यांची माहिती त्यांनी घरोघर जाऊन गोळा केली आणि १९६६ साली पदरचे पैसे घालून छापली. ११२ पानं. घरच्या प्रती वाळवीने खाल्ल्या, वाचनालयातली पुराने नेली. उरली ती माझ्या माहितीतली एकच, इथल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात. आत पीएल ४८० ची खूण. मागच्या तारखांच्या चिठ्ठीवर एकही शिक्का नाही. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पानं अजून एका कडेला जुळलेली होती, कोणी फाडलीच नव्हती. मी दोन शेल्फांच्या मधल्या फरशीवर बसलो, एटीएमच्या कार्डाने एकेक पान सोडवलं. वरचे सेन्सरचे दिवे हालचाल नाही म्हणून विझले. मी हात हलवला नाही.

पुढे स्कॅन होऊन हाथीट्रस्टवर तेही आलं, पण बंद. ‘पाथरवट’ टाकलं की पानांचे आकडे येतात, मजकूर नाही. हक्कदारांनी परवानगी दिली तर ते जगाला खुलं होतं. फॉर्म साधा आहे. हक्कदार आम्ही दोघं भाऊ. फॉर्म मी तीन वर्षांपूर्वी उतरवून घेतला, माझी सही केली आणि दादाला पाठवला नाही.

कारणं मी बरीच देत आलो. कामाची गडबड. दादा नाही म्हणेल. खरं असं की गावचं घर त्याच्याकडे गेलं, शेत त्याच्याकडे, आईची शेवटची चार वर्षं त्याच्याकडे. मी विमानाने आलो आणि विमानाने गेलो. माझ्या वाट्याला ते एक पुस्तक आहे, चौथ्या मजल्यावर. डिसेंबरात सगळे सुटीला गेले की मी जाऊन बसतो तिथे.

परवा दादाचा पुन्हा मेसेज आला, या वेळी चाळीस सेकंदांचा. वाचनालय स्मरणिका काढतंय, बाबांनी मोठ्या घाटाच्या बांधणीवर जे लिहिलंय ते छापायचंय. “पान ४१ असावं बघ. तुझ्याकडे सोय आहे म्हणालास ना? पूर्ण पुस्तकच पाठवलंस तर उत्तम.”

मी गेलो, चौथ्या मजल्यावर. पान ४१ चा फोटो काढून पाठवला. बाकीचं नंतर बघू, असं खाली लिहिलं.