‘घरूनच तर काम करायचं, मग सव्वीस आठवडे कशाला?’ : एका फॉरवर्डला उत्तर

नागपुरातल्या एचआरवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. ‘हायब्रिड ऑफिस चालवण्याचे सात नियम’ असं त्याचं नाव. हायब्रिड म्हणजे काही दिवस ऑफिसातून आणि काही दिवस घरून काम. खाली कुणाचं नाव नाही, कायद्याचं कलम नाही, नुसतंच ‘एचआरमध्ये असाल तर पुढे पाठवा’. असले मेसेज मी एरवी न वाचता पुसते. हा पुसला नाही, कारण मनीषनगरला राहणाऱ्या माझ्या भाचीला तो तिच्या टीम लीडने पाठवला. तिला सातवा महिना लागला आहे. सोबत त्याने लिहिलं होतं, ‘चौथा पॉइंट बघून घ्या मॅडम, त्यानुसार रजेचं प्लॅनिंग करू.’ तिचा लगेच मला फोन. ‘मावशी, खरंच असं असते का? तो तर असा बोलून राहिला, जसं काही सगळं ठरलंच आहे.’

ज्यांच्यापर्यंत हा मेसेज पोचलेला नाही त्यांच्यासाठी सातही मुद्दे सांगते. एक, हायब्रिडमध्ये काम अठरा टक्क्यांनी घटतं, हे भारतातल्याच संशोधनाने सिद्ध झालंय. दोन, जाण्यायेण्याचा खर्च वाचतो म्हणून कंपनी पगारातून तेवढी रक्कम कापू शकते. तीन, घरून काम करणाऱ्यांचा पीएफ ऐच्छिक असतो. चार, हायब्रिड कंपनीत बाळंतपणाची रजा बारा आठवडे पुरे. उरलेले चौदा आठवडे वर्क फ्रॉम होम दिलं की ते रजेतच धरलं जातं. पाच, घर ही खासगी जागा असल्यामुळे पॉश, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, तिथे लागू होत नाही. सहा, घरून काम करणाऱ्यांचा कॅमेरा शिफ्टभर चालू ठेवायला लावा. सात, बढती ऑफिसला येणाऱ्यालाच. आणि शेवटी ठसक्यात एक वाक्य : ‘नव्या लेबर कोडनुसार.’

चौथ्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या मुद्द्यांत पैसे बुडतात. इथे नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला कामाला जुंपायचं चाललं आहे.

मातृत्व लाभाचा मूळ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी घेता येतात. बारा आठवडे आजही आहेत, पण ते जिला आधीची दोन किंवा अधिक मुलं आहेत तिला, आणि मूल दत्तक घेणाऱ्या किंवा सरोगसीने मूल मिळालेल्या आईला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने बाराचा आकडा बहुतेक इथूनच उचलला आणि कंपनीच्या सोयीने सगळ्या बायकांना चिकटवला. हायब्रिडचा त्या आकड्याशी काडीचा संबंध नाही.

आता वर्क फ्रॉम होम. कायद्यात ते आहे, आणि कोविडच्या तीन वर्षं आधी, याच २०१७ च्या दुरुस्तीने आलं आहे. पण ती ओळ काय म्हणते ते नीट वाचा : कामाचं स्वरूप घरून करण्याजोगं असेल, तर मातृत्व लाभ घेऊन झाल्यानंतर मालक त्या बाईला घरून काम करू देऊ शकतो, किती काळ आणि कोणत्या अटींवर, हे दोघांनी आपसांत ठरवायचं. म्हणजे सव्वीस आठवडे आधी, घरून काम त्यानंतर, आणि तेही तिची संमती असेल तरच. रजा संपली तरी तान्ह्या बाळाला सोडून लगेच रोज मिहानच्या औद्योगिक वसाहतीतलं ऑफिस गाठावं लागू नये म्हणून आईला दिलेली ही सवलत आहे. तिचाच आधार घेऊन कुणी आईची चौदा आठवड्यांची रजा कापत असेल, तर त्याने एक तर कायदा वाचलेला नाही, नाहीतर वाचून लपवला आहे.

याहून कडक तरतूद पुढे आहे, आणि ती आपल्या ऑफिसांत फार थोड्यांना ठाऊक असते. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत मालकाने त्या बाईला जाणूनबुजून कामाला लावायचं नाही आणि तिनेही काम करायचं नाही, अशी दोन्ही बाजूंनी मनाई आहे. ‘ती स्वतःच हो म्हणाली’ ही सबब इथे चालत नाही. धंतोलीतल्या एका नर्सिंग होममध्ये मी ओळखीच्या एका मुलीला भेटायला गेले होते. सिझेरियनचे टाके ओले होते, बाळ आजीच्या मांडीवर होतं आणि उशाशी कंपनीचा लॅपटॉप चार्जिंगला लावलेला होता. महिनाअखेर होती, पगाराची शीट तिच्याशिवाय कुणाला जमत नव्हती आणि साहेबांचा फोन येऊन गेला होता, ‘फक्त अर्धा तास’. घरून काम करायची सोय असल्यामुळेच हा फोन करण्याची हिंमत झाली. लॅपटॉप ऑफिसात असता तर दवाखान्यात कामाला बसवण्याचा विचारही कुणाच्या मनात आला नसता. म्हणून हायब्रिड कंपनीत एचआरने पहिलं काम हे करावं : रजा सुरू होण्याआधी कामाचा चार्ज दुसऱ्याला देववावा, लॅपटॉप जमा करून घ्यावा, तिला कामाच्या ग्रुपांतून काढावं आणि टीम लीडला लेखी बजावावं की या काळात तिला फोन करायचा नाही.

‘नव्या लेबर कोडनुसार’ हेही धडधडीत खोटं आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि मातृत्व लाभ आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला. आठवडे तेच आहेत, सहा आठवड्यांची मनाई तीच आहे आणि घरून काम ‘लाभ घेतल्यानंतर’ ही अटही तीच आहे. रजेवर असताना बाईला काढता येत नाही आणि तिचं नुकसान होईल असा बदल तिच्या सेवाशर्तींत करता येत नाही, हेही कायम आहे. भाचीला मी एवढंच सांगितलं, की फोनवर वाद घालू नको. रजा कधीपासून आणि किती आठवडे हवी, ते एचआरला ईमेलने कळव आणि उत्तरही लेखीच माग. लेखी नकार आला तर कामगार खात्यात तक्रार करता येते. अपर कामगार आयुक्तांचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे.

पीएफचा मुद्दा वाचून मला खरा राग आला, कारण हा मेसेज विदर्भात फिरतो आहे. घरून काम करणाऱ्याला पीएफ आहे की नाही, हा प्रश्न लॅपटॉप यायच्या कितीतरी आधी सुप्रीम कोर्टात गेला होता, आणि तो गेला बिडी कामगारांमुळे. आपल्या भंडारा-गोंदियाकडे बायका तेंदूपान आणि तंबाखू घरी आणतात, ओसरीवर सूप मांडीवर घेऊन बिड्या वळतात आणि मोजून परत देतात. बिडी कारखानदारांचं म्हणणं होतं, या बाया कारखान्यात येत नाहीत, आमची त्यांच्यावर देखरेख नाही, मग त्या आमच्या कर्मचारी कशा? कोर्टाने १९८५ साली पी. एम. पटेल अँड सन्सच्या खटल्यात हे अमान्य केलं. भविष्य निर्वाह निधीच्या कायद्यात आस्थापनेच्या ‘कामासंबंधी’ नेमलेला माणूसही येतो, तो कुठे बसून काम करतो हे महत्त्वाचं नाही. आणि वाईट बिडी नाकारायचा हक्क मालकाकडे आहे, म्हणजे त्याचं नियंत्रणही आहेच. ओसरीवर बिडी वळणाऱ्या बाईला जो हक्क चाळीस वर्षांपूर्वी मिळाला, तो मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये बसून कोड लिहिणारीला नाही, हे कोण कोणत्या तोंडाने सांगतो? ‘ऐच्छिक’ शब्दामागे खरं एवढंच आहे, की पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचं पीएफसाठी धरलं जाणारं वेतन पंधरा हजारांच्या वर असेल तर त्याला बाहेर राहता येतं. ते ऑफिसात बसणाऱ्यालाही लागू आहे.

पॉशबद्दल. २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेची व्याख्या मुद्दाम ऐसपैस ठेवली आहे, आणि तिच्या यादीत ‘निवासस्थान किंवा घर’ हे शब्द छापलेले आहेत. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात सांगितलं, की दोघं वेगवेगळ्या राज्यांत बसून काम करत असले तरी डिजिटल माध्यमातून झालेला छळ हा कामाच्या जागेवरचाच छळ ठरतो. रात्री अकराला ‘जरा व्हिडिओ ऑन करा ना’ म्हणणारा साहेब या कायद्याच्या कक्षेत येतो. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार करायची असते आणि योग्य कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर कंपनीची अंतर्गत समिती, त्याहून कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरून काम करणाऱ्या मुलींनी चॅट आणि कॉलचे स्क्रीनशॉट पुसू नयेत, समितीपुढे तेच कामी येतात.

आता पहिला मुद्दा, तो अठरा टक्क्यांचा. नाइलाजाने मान्य करते, हा आकडा हवेतून आलेला नाही. चेन्नईत डेटा एन्ट्रीच्या कामावर एक प्रयोग झाला. लोकांची सोडत पद्धतीने विभागणी करून काहींना पूर्णपणे घरी आणि काहींना पूर्णपणे ऑफिसात बसवलं, आणि घरच्यांचं काम खरोखरच अठरा टक्क्यांनी कमी भरलं. ऑफिसातले लोक काळानुसार लवकर शिकत गेले, हेही त्यात दिसलं. नव्या मुलांना सुरुवातीचे काही महिने ऑफिसात बसवावं, असं माझंही मत आहे. शेजारी बसलेल्या सिनियरला विचारून जे दोन मिनिटांत कळतं, ते चॅटवर दुपारपर्यंत लोंबकळतं. पण तो प्रयोग हायब्रिडचा नव्हताच. पाचही दिवस घरी आणि दोन दिवस घरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हायब्रिडचा प्रयोग हवा असेल तर तो अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा आहे, ‘नेचर’ मध्ये २०२४ साली आलेला. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम कंपनीतले १,६१२ पदवीधर कर्मचारी. जन्मतारीख विषम असेल त्यांना बुधवार आणि शुक्रवार घरून कामाची मुभा, सम असेल त्यांना पाचही दिवस ऑफिस. सहा महिने प्रयोग चालला आणि त्यानंतरही मूल्यांकनावर लक्ष ठेवलं. कामाच्या दर्जात फरक नाही, बढत्यांत फरक नाही, प्रोग्रामरांनी लिहिलेल्या कोडच्या ओळींतही फरक नाही. नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले, आणि हा परिणाम ठळकपणे दिसला तो बायकांत, मॅनेजर नसलेल्यांत आणि लांबून येणाऱ्यांत. त्या कंपनीच्या मॅनेजरांना आधी विचारलं तेव्हा त्यांचा सरासरी अंदाज होता, काम २.६ टक्क्यांनी घटेल. प्रयोगानंतर तेच म्हणाले, एक टक्क्याने वाढतं.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो ते जरीपटक्याहून मिहानला स्कूटीवर जाणाऱ्या मुलीला विचारा, तेही मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना. मेट्रो खापरीपर्यंत नेते, पण तिथून कंपनीच्या गेटपर्यंतचं अंतर उरतंच. आठवड्यातले दोन दिवस हे वाचलं तर ती नोकरीत टिकते. आणि शिकवून तयार केलेलं माणूस गेलं की त्याच्या जागी नवं आणून तयार करायला किती महिने जातात, हे एचआरमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पगारकपातीवर जास्त लिहीत नाही. पगारातून काय कापता येतं याची यादी वेतन संहितेत दिलेली आहे, आणि ‘कर्मचाऱ्याचं पेट्रोल वाचलं’ असं त्यात काही नाही. प्रवासभत्ता हजेरीप्रमाणे द्यायचा असं नेमणूकपत्रातच लिहिलं असेल तर गोष्ट निराळी. कॅमेऱ्याचंही तसंच. दोन खोल्यांच्या घरात त्या कॅमेऱ्यात सासू दिसते, अंगावर पिणारं मूल दिसतं, वाळत घातलेले कपडे दिसतात. कुणाच्याही घरात आठ तास डोकावायचा अधिकार पगार देणाऱ्याला मिळत नाही.

शेवटचा मुद्दा बढतीचा, आणि हा आपल्याकडे नियम न करताच पाळला जातो. त्याच चिनी कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये २०१० साली आधीचा एक प्रयोग झाला होता. त्यात घरून काम करणाऱ्यांचं काम तेरा टक्क्यांनी वाढलं, आणि तरीही सारखंच काम करणाऱ्यांमध्ये घरच्यांना बढत्या कमी मिळाल्या. चार दिवस घरी असलेला माणूस साहेबाच्या डोळ्यांपुढे नसतो, म्हणून त्याचं नाव सुचत नाही. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या एचआरवाल्यांना माझं सांगणं आहे, की एप्रिलमध्ये बढत्यांची यादी सहीला येईल तेव्हा तिच्यासमोर दोन रकाने वाढवा, एक मूल्यांकनाच्या श्रेणीचा आणि एक ऑफिसात आलेल्या दिवसांचा. श्रेणी सारखी असूनही कमी दिवस येणारी माणसंच गळत असतील, त्यातही बायका आणि नुकत्याच रजेवरून परतलेल्या आया, तर ती यादी मॅनेजरकडे परत पाठवा आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहून मागा.