क्लिअरन्स मिळाला म्हणजे डोंगर टळला असं नाही

'क्लिअरन्स दिला की अडथळ्यांपासून विमान दूर ठेवणं कंट्रोलरचं काम' हे तुमच्या लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. क्लिअरन्स म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रकाने, म्हणजे कंट्रोलरने, दिलेली उड्डाणाची परवानगी. अमेरिकेत कंट्रोल टॉवर नसलेल्या छोट्या विमानतळावरून ढगांत शिरताना, रडारवर दिसून कंट्रोलर स्वतः दिशा देऊ लागेपर्यंत, डोंगर आणि मनोरे चुकवणं वैमानिकाच्याच अंगावर असतं. मी कोलोराडोत एका इंजिनाची सेसना चालवतो. फोनवर क्लिअरन्स घेतो तेव्हा मार्ग, उंची, ट्रान्सपाँडरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड आणि किती वाजायच्या आत निघायचं एवढंच सांगतात. ऑब्स्टॅकल डिपार्चर प्रोसीजरचं, म्हणजे अडथळे चुकवत वर चढायच्या ठरवून दिलेल्या मार्गाचं, बहुतेक वेळा नावही निघत नाही. चार्टवरच्या काळ्या त्रिकोणातला 'टी' बघून ती मलाच शोधावी लागते. कंट्रोलरने वेगळा मार्ग नेमून दिला नसेल, तर ती पाळायला निराळी परवानगीही लागत नाही.

आणि निघताना किमान किती चढायचं ते लेखात मिनिटाला 200 फूट लिहिलंय; ते 200 फूट मिनिटाला नव्हेत, सागरी मैलाला! जमिनीच्या तुलनेतला वेग 90 नॉट (तासाला 90 सागरी मैल) असेल तर मिनिटाला 300 फूट चढावं लागतं, 120 असेल तर 400. म्हणजे पाठीमागून वारा आला की गणित आणखी अवघड. त्या 200 पैकी अडथळ्यापासूनची मोकळी जागा फक्त 48 फुटांची. लेडव्हिलचा विमानतळ 9,934 फुटांवर आहे. तिथल्या विरळ हवेत जुलैतल्या तापलेल्या दुपारी छोट्या विमानाला मिनिटाला 300 फूट सुद्धा जड जातात. हिशेब जमला नाही तर मी सरळ दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत थांबतो.