वाचनाला बक्षीस म्हणजे लाच का? सरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण तुमची कमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला आणि दुसऱ्यांदा वाचली तेव्हा निम्मी पटली. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये लायब्ररीतल्या उन्हाळी वाचन उपक्रमांचं मी कौतुक केलं होतं, त्यावर सरांचं म्हणणं असं की बक्षीस लावून वाचायला लावणं ही सरळ लाच आहे, मुलं नुसती पानं उलटून आकडा भरतात, कॉमिक्स वाचून दहा पुस्तकं झाली म्हणतात, आणि शाळेचा जाच वर्षभर असतोच तर सुट्टीत तरी पोरांना मोकळं सोडा.

आकडा भरतात हे खरंय हो. मी दोन उन्हाळे अशा उपक्रमात नोंदणीच्या टेबलावर बसलेय. एक मुलगा यायचा, सगळ्यात पातळ पुस्तकं हुडकून काढायचा, कपाटापाशी उभ्या उभ्या संपवायचा आणि लगेच कार्डावर शिक्का मागायचा. मला कळत होतं, तरी मी शिक्का मारायचे.

आता लाचेचं. यावर १९७३ चा लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक गाजलेला प्रयोग आहे, आणि वरवर बघितलं तर तो तुमच्याच बाजूचा आहे. बालवाडीतल्या मुलांना रंगीत मार्करने चित्रं काढायला दिली, काहींना आधीच सांगितलं की काढलंत तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता शेवटी दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी बघितलं तर ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं ती मुलं त्या मार्करकडे बाकीच्यांपेक्षा कमी वळत होती, न सांगता बक्षीस मिळालेल्यांवर मात्र तसा परिणाम नव्हता. पण गंमत अशी की प्रयोगाला मुलं निवडली तीच मुळात चित्रं काढायची आवड असलेली. म्हणजे बक्षिसाने आवड मरू शकते, पण ती आधी असावी लागते ना! ज्याने आपणहून कधी पुस्तक हातातच धरलं नाही त्याच्याकडून बक्षीस काय हिरावून घेणार? म्हणून माझं मत आता असं झालंय की बक्षीस आधी जाहीर करू नका, शेवटी द्या, आणि द्यायचंच तर पुस्तक द्या. एवढं तुमचं मान्य.

आणि अजून एक चूक कबूल करते, तुम्ही पकडली नाहीत तरी. सुट्टीत मुलं शिकलेलं विसरतात हे मी फार ठासून लिहिलं होतं. ती घसरण नक्की किती हे कुठली परीक्षा घेतली त्यावर बदलतं आणि नव्या मोजमापांत ती नेहमी दिसतेच असं नाही, तेव्हा त्या एका वाक्यावर अख्खा उपक्रम उभा करायला नको होता.

पण "मोकळं सोडा" इथे माझं तुमच्याशी जमत नाही. घरात पुस्तकांचं कपाट असलेलं मूल मोकळं सोडलं तर वाचेल, नाही वाचलं तरी कपाट कुठे जात नाही. ज्या घरात पुस्तकच नाही तिथे मोकळं सोडणं म्हणजे काय? समाजशास्त्रज्ञ बार्बरा हाइन्स यांनी १९७८ च्या पुस्तकात अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या मुलांबद्दल दाखवलं की सुट्टीत जास्त पुस्तकं वाचणाऱ्यांची प्रगती जास्त होते आणि त्यात लायब्ररीचा वाटा मोठा. तुम्ही म्हणाल हुशार मुलंच लायब्ररीत जातात, बरोबर, मलाही तेच वाटलं होतं. पण पुढे अ‍ॅलिंग्टन आणि मॅकगिल-फ्रँझन या वाचनावर संशोधन करणाऱ्यांनी फ्लोरिडात गरीब घरातल्या मुलांना सलग तीन उन्हाळे बारा बारा पुस्तकं नुसती देऊन टाकली. कुणाला द्यायची ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं आणि पुस्तकं मुलांनीच निवडली. या मुलांचं वाचन बाकीच्यांपेक्षा सुधारलं, फार नाही, पण सुधारलं.

माझा सगळा जीव त्या "मुलांनीच निवडली" मध्ये आहे. शाळेत पुस्तक नेमलेलं असतं, शेवटी प्रश्न असतात, आणि आवडलं नाही तर मध्येच सोडायची सोय नसते. ब्रिटनमध्ये १९९९ पासून लायब्ररींत चालणारं समर रीडिंग चॅलेंज बघा, सुट्टीत सहा पुस्तकं, कुठलीही. कॉमिक्स, विनोद, डायनासोर, ऐकायची पुस्तकं, सगळं चालतं. मूल येऊन काय वाचलं ते सांगतं आणि समोरची व्यक्ती खरंच ऐकते, मार्क देत नाही.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे आणि ती तुमच्या कमेंटमध्ये यायला हवी होती. नाव नोंदवायला येतात ती बहुतेक मुलं आईबाबांचा हात धरूनच येतात. ज्याला आणायला कुणी नाही, किंवा मागच्या वर्षीच्या दंडाच्या भीतीने ज्याचं कार्डच घरात दडवून ठेवलंय, तो येतच नाही, आणि शेवटी आपण आलेल्यांचे आकडे मोजून टाळ्या वाजवतो.

हां, तो पातळ पुस्तकंवाला. एक दिवस त्याने एक पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "हे बोअर आहे, सोडून दिलं, याचा शिक्का नको मारू." आकडा भरायलाच येणारा मुलगा एक शिक्का सोडून गेला सर. कॉमिक्सवरचं भांडण उरलंय, ते पुढच्या पोस्टमध्ये, तिथे मी काही मान्य करणार नाहीये.